ऑइल स्वच्छ आहे, तरी हेड गॅसकेट गेलेलं असू शकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. मे महिन्यात पुण्याहून पाचगणीला जाताना खंबाटकी घाटातल्या रांगेत अडकली, एसी चालू होता, तापमानाचा लाल दिवा लागला. तुम्ही गाडी बाजूला घेतली, थोड्या वेळाने पाणी घातलं आणि पुढे गेलात. तेव्हापासून दर दोनशे किलोमीटरला जवळजवळ अर्धा लिटर कूलंट घालावं लागतंय, पण खाली एक थेंब दिसत नाही. सकाळी गाडी सुरू केली की मिनिटभर इंजिन थरथरतं आणि पांढरा धूर येतो. एका मेस्त्रींनी धूर बघून सांगितलं, "हेड गॅसकेट उडालंय, ३५,००० धरा." दुसरे म्हणाले, "ऑइल स्वच्छ आहे म्हणजे गॅसकेट शाबूत आहे. थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गरम व्हायची थांबेल." (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप.)

माझं गॅरेज घाट उतरल्यावर, सुरूरच्या पुढे आहे. एप्रिल-मेमध्ये खंबाटकीत तापलेल्या गाड्या तीस वर्षं बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्या मेस्त्रींचा अंदाज बहुधा बरोबर आहे, पण नुसत्या धुरावर इंजिन उघडायला मी तयार होणार नाही. दुसऱ्यांचं निदान चुकलंय, आणि त्यांनी सुचवलेला उपाय तर गाडीचं नुकसान करेल. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो: नक्की काय आहे ते कळेपर्यंत ही गाडी रोजच्या कामाला वापरू नका. सकाळची ती थरथर मला काळजीची वाटते. का, ते पुढे येईलच.

आधी ऑइलचं. हेड गॅसकेट म्हणजे इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला चपटा पत्रा. पूर्वी त्यात ॲस्बेस्टॉस असायचं, मग ग्रॅफाइट आलं, आता बहुतेक गाड्यांत पोलादी पत्र्यांचे तीन-चार थर असतात. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जळता वायू, भोवतीच्या वाटांमधलं पाणी, म्हणजे कूलंट, आणि वर जाणारं ऑइल. यांच्या दाबात किती फरक आहे बघा. टायरमध्ये आपण ३२-३३ पॉइंट हवा भरतो, म्हणजे साधारण सव्वादोन बार. रेडिएटरचं झाकण एक-सव्वा बारला उघडतं. आणि पेट्रोल इंजिनात पेट घेण्याच्या क्षणी सिलिंडरमध्ये ५०-६० बार दाब होतो. टर्बो डिझेलमध्ये तो १५०च्याही पुढे जातो. मग गॅसकेट कमकुवत झालं तर सगळ्यात आधी कुठून फुटेल? सिलिंडरच्या कडेनं. आणि त्या कडेला लागून असतात त्या पाण्याच्या वाटा. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेकींत वायू पाण्यात शिरलेला असतो आणि ऑइलची पातळी मोजायची काडी मात्र अगदी स्वच्छ निघते. ऑइल दुधाळ झालं तर पाणी ऑइलमध्ये शिरतंय हे कळतं. पण ऑइल स्वच्छ आहे एवढ्यावरून गॅसकेट चांगलं आहे असं म्हणता येत नाही. ही एक समजूत किती इंजिनं खाऊन गेली, त्याची मोजदाद नाही.

उलट दिशेनंही लोक घाबरतात. काही वर्षांपूर्वी जुलैत महाबळेश्वरहून एका हॉटेलवाल्यांचा फोन आला. ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट थर जमला होता आणि तिथल्या कोणीतरी इंजिन उघडायला सांगितलं होतं. गाडी रोज फक्त हॉटेल ते बाजार, दोन-तीन किलोमीटर फिरायची. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हवा ओलीचिंब, आणि इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतंय. आतला ओलावा झाकणाच्या थंड पत्र्याला धरतो आणि ऑइलच्या वाफेत घुसळला जातो. मी त्यांना आधी काडी बघायला सांगितलं. ती स्वच्छ होती. कूलंटची पातळीही महिनाभर हलली नव्हती. मग म्हटलं, पाचगणीवरून पसरणी घाट उतरून वाईला या, चहा प्या आणि परत जा. दुसऱ्या दिवशी झाकण पुसलं ते पुन्हा भरलं नाही. झाकणाखालचा थर आणि काडीवरचं दुधाळ ऑइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काडीवरचं ऑइल चहासारखं दिसलं, पातळी न भरता वर चढलेली दिसली, तर ते गंभीर. शंका असेल तर त्या ऑइलचा एक थेंब एखाद्या जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर टाकून तो खालून तापवा. पाणी असेल तर तडतडतं. स्वयंपाकाचा तवा वापरू नका, कूलंट विषारी असतं.

डिझेलवाल्यांसाठी एक जोड. बऱ्याच डिझेल इंजिनांना, आणि काही पेट्रोलनाही, ऑइल थंड करणारा छोटा कूलर असतो. त्यात एका बाजूला ऑइल, दुसऱ्या बाजूला पाणी. तो आतून फुटला की ऑइल आणि पाणी एकत्र होतात आणि दोष गॅसकेटवर जातो. गाडी चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणून बहुधा आधी कूलंटच्या टाकीत ऑइलचा तवंग दिसतो. असं दिसलं की हेड खोलण्याआधी कूलर तपासायचा. तो बहुधा बाहेरून लावलेला असतो आणि काम कितीतरी स्वस्तात होतं.

आता तुमच्या गाडीच्या खुणा एकेक करून घेऊ.

पांढरा धूर. जळताना पाणी तयार होतंच, म्हणून थंडीत सकाळी कोणत्याही गाडीच्या सायलेन्सरमधून वाफ येते, थेंबही पडतात. ती वाफ दोन-चार फुटांत विरते आणि सायलेन्सर तापला की थांबते. कूलंट जळून आलेला धूर दाट असतो, हवेत रेंगाळतो आणि त्याला गोडसर वास येतो. मे महिन्यात, सकाळी हवा कोरडी असताना तो दिसतोय, म्हणजे साध्या वाफेचं कारण तुमच्याकडे लागू होत नाही. डिझेल गाडीत मात्र न जळलेलं डिझेलही पांढरं दिसतं, पण ते डोळ्यांना झोंबतं.

याच धुरानं मला एकदा चकवलं होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी एक डिझेल जीप आली. पाणी कमी होत होतं, धूर पांढरा, वास गोड. मी दुसरी काहीच परीक्षा न करता हेड उतरवलं. गॅसकेट ठणठणीत होतं, हेड सरळ होतं. पाणी जात होतं ईजीआर कूलरमधून. जळालेल्या वायूचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडणारा तो भाग आतून चिरला होता आणि तिथून कूलंट थेट इंजिनात ओढलं जात होतं. गिऱ्हाईकाकडून मी मजुरी घेतली नाही, पण त्यांची गाडी हंगामात आठ दिवस उभी राहिली त्याचं काय? तेव्हापासून माझा नियम आहे: एकमेकींशी संबंध नसलेल्या किमान दोन परीक्षा जुळल्याशिवाय हेडच्या बोल्टला पाना लावायचा नाही.

सकाळची थरथर. धुरापेक्षा ही खूण मला जास्त बोलकी वाटते. गाडी बंद केल्यावर पाण्याच्या बाजूला एक बारचा दाब शिल्लक असतो आणि सिलिंडरमध्ये काहीच नसतो. मग रात्रभर कूलंट उलट दिशेनं, फटीतून सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी तो एक सिलिंडर ओला असतो, प्लग भिजलेला, म्हणून तेवढा सिलिंडर लागत नाही आणि इंजिन मिसिंग करतं. मिनिटभरात पाणी जळून जातं, गाडी गुळगुळीत चालायला लागते, आणि मालकाला वाटतं, थंड होती म्हणून असेल. काळजीची गोष्ट अशी की पाणी दाबलं जात नाही. फट वाढली आणि एखाद्या रात्री जास्त पाणी साठलं, तर स्टार्टर मारताना पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग प्रश्न गॅसकेटचा राहत नाही. म्हणून म्हणतो, गाडी उभी ठेवा. स्टार्टर एकदा जरी अडकल्यासारखा "टक" करून थांबला, तर पुन्हा किल्ली फिरवू नका. प्लग काढूनच पुढचं बघायचं.

खाली थेंब नाही, हे तुम्ही कसं बघितलंत? रात्रभर गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरून बघा. एसीचं पाणी डाव्या-उजव्या बाजूला पडतं, ते बिनरंगाचं असतं. कूलंट रंगीत आणि बोटाला बुळबुळीत लागतं. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून कूलंट येतं, पण गरम इंजिनवर ते वाळून जातं आणि मागे फक्त पांढरा किंवा हिरवट डाग राहतो. पुढच्या सीटसमोरचं पायपुसणं उचलून गालिचा दाबून बघा. हीटरचा कोअर, म्हणजे त्याचा आतला छोटा रेडिएटर, फुटला तर कूलंट तिथे मुरतं आणि काचेवर चिकट धुकं धरतं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर दाबच धरत नाही आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. झाकण स्वस्त आहे. मी प्रत्येक वेळी ते आधी बदलतो, कारण बिघडलेल्या झाकणासह केलेली कोणतीही दाबाची परीक्षा फसवी निघते.

आता तुम्ही स्वतः, हत्यार न लावता करू शकाल अशा दोन गोष्टी. पहिली: रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून रेडिएटरचा वरचा जाड पाइप हातानं दाबा. इंजिन थंड झाल्यावर पाणी आकसतं, झाकणातली छोटी झडप उघडून टाकीतलं पाणी परत आत घेते, आणि पाइप सकाळी मऊ लागायला हवा. तो टणक असेल, झाकण सैल करताच "फुस्स" आवाज आला, तर आत असं काहीतरी आहे जे थंड होऊनही आकसलं नाही. तो वायू आहे, आणि तो सिलिंडरमधून आलाय.

दुसरी: तशाच थंड गाडीचं झाकण उघडं ठेवून, कोणाला तरी सुरू करायला सांगा आणि तोंडाशी बघत राहा. चेहरा लांब ठेवा. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात, म्हणजे थर्मोस्टॅट उघडायच्या खूप आधी, बुडबुडे यायला लागले, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढले, आणि दहा-पंधरा मिनिटं झाली तरी थांबले नाहीत, तर तो जळका वायू समजा. नुकतंच कूलंट बदललेलं असेल तर थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते हळूहळू संपतात. इंजिन तापायला लागलं की झाकण लावून टाका. आणि गरम इंजिनचं झाकण कधीही, कितीही कापड गुंडाळून, उघडू नका. दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही, ११५-१२० अंशांपर्यंत पाणीच राहतं. झाकण निघताच दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून अंगावर येतं. घाटाच्या कडेला भाजलेले हात मी बघितले आहेत.

या दोन्हीत काही सापडलं तर गॅरेजमध्ये तीन परीक्षा मागा. "मागा" म्हणतो, कारण बऱ्याच ठिकाणी वेळ वाचवायला त्या टाळतात.

गॅस टेस्टर म्हणजे काचेची किंवा प्लास्टिकची नळी, तिच्यात निळं द्रव, ब्रोमोथायमॉल ब्लू. रेडिएटरच्या तोंडावर ती बसवून रबरी फुग्यानं आतली हवा द्रवातून ओढतात. जळक्या वायूत कार्बन डायऑक्साइड असतो, त्यानं द्रव पेट्रोल गाडीत पिवळं होतं, डिझेलमध्ये हिरवट ते पिवळं. आधी पातळी थोडी कमी करून घ्यायची, नाहीतर कूलंटच आत ओढलं जातं आणि द्रव नासतं. पिवळं झालं तर मी ते पक्कं धरतो. निळंच राहिलं तर मात्र गॅसकेट निर्दोष ठरत नाही. काही फटी इंजिन पूर्ण तापल्यावर किंवा चढावर जोर पडल्यावरच उघडतात. आणि पाणी बाहेर किंवा ऑइलमध्ये जात असेल तर रेडिएटरमध्ये वायू येणारच नाही. तशा वेळी ही परीक्षा गरम गाडीवर, एक चक्कर मारून आल्यावर पुन्हा करतात.

दुसरी, कूलंटच्या बाजूची. रेडिएटरला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप करायचं आणि काही तास तसंच ठेवायचं. काटा उतरला आणि बाहेर कुठे ओल नाही, तर सगळे प्लग काढायचे आणि स्टार्टर फिरवायचा. ज्या भोकातून तुषार उडतो तो सिलिंडर दोषी. आजकाल बारीक कॅमेरा आत सोडता येतो. पाण्यानं धुतलेल्या पिस्टनचा माथा चकचकीत असतो, बाकीच्यांवर काळी काजळी. प्लगही तेच सांगतात: तीन तपकिरी आणि एक अगदी पांढरा, नवा असल्यासारखा.

तिसरी, कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते. पेट्रोल गाडीत प्रत्येक सिलिंडरला चौरस सेंटिमीटरला साधारण १२ ते १४ किलो यायला हवं, आणि सिलिंडरांत एक-दीड किलोहून जास्त फरक नको. शेजारचे दोन सिलिंडर बरोबरीनं पडलेले असतील तर त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर गॅसकेट जळालंय. अशा गाडीत पाणीही कमी होत नाही, धूरही नसतो, नुसतं पिकअप गेलेलं आणि मिसिंग. एकच पडला असेल तर संशय व्हॉल्व्ह, रिंग आणि गॅसकेट तिघांवर. मला यापेक्षा जास्त भरवसा आहे तो सिलिंडरमध्ये हवा भरून बघण्यावर. पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये रोवलेली, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. मग कान लावायचा. ऑइलच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा हेडची चीर. इतकी सरळ उत्तरं देणारी दुसरी परीक्षा मला माहीत नाही, आणि ती कॉम्प्रेसर असलेल्या कोणत्याही गॅरेजात होऊ शकते.

थर्मोस्टॅट काढण्याबद्दल. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो बंद स्थितीत अडकला तर गाडी तापते, हे खरं. मग नवा घालायचा. नुसता काढून टाकला तर इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं, घासलं जातं. आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना मागची बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात फिरत राहतो. चढावर गाडी आणखी लवकर तापते. तुमच्या गाडीत तर बहुधा सिलिंडरचा वायू पाण्याला बाहेर ढकलतोय. थर्मोस्टॅट असला काय, नसला काय, ते थांबणार नाही. रेडिएटरमध्ये ओतायचं गळती बंद करणारं औषधही घालू नका. ते फटीआधी रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या बुजवतं, आणि पुढे हेड उतरवल्यावर सगळीकडून तो लगदा खरवडत बसावं लागतं.

गॅसकेट का गेलं, हा प्रश्न मेस्त्रींना जरूर विचारा. स्वतःहून गेलेलं गॅसकेट मी क्वचितच बघितलंय. आधी गाडी तापते, मग गॅसकेट जातं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुप्पट फुगतं. चाळीस सेंटिमीटरचं हेड शंभर अंशांनी तापलं तर जवळजवळ एक मिलिमीटर लांब होतं. खालचा ब्लॉक बिडाचा असेल तर तो अर्धाच मिलिमीटर. रोजच्या तापमानात गॅसकेट हे सरकणं झेलतं, त्यासाठीच ते बनवलेलं असतं. पण पाणी संपून हेड प्रमाणाबाहेर तापलं की बोल्टांनी दोन्हीकडून धरलेलं ते हेड मध्येच फुगतं आणि थंड झाल्यावर वाकलेलंच राहतं. म्हणून तुमची गाडी त्या दिवशी घाटात का तापली, ते शोधायलाच हवं. रेडिएटरचा पंखा दुसऱ्या वेगावर फिरतो का? रिले, वायर? रेडिएटर आतून क्षारानं भरलाय का? बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घालणाऱ्या गाड्यांचे रेडिएटर मी कापून बघितलेत, नळ्यांत चुन्याचा थर असतो. बाहेरून, एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत माती आणि किडे साचलेत का?

भाजीची वाहतूक करणारा एक पिकअप माझ्याकडे आला तेव्हा वर्षात तीन वेळा गॅसकेट बदलून झालं होतं, तिन्ही वेळा दुसरीकडे. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातली तर मध्यभागी ०.१२ मिलिमीटर फट. बहुतेक छोट्या गाड्यांना ०.०५ च्या पुढे चालत नाही, म्हणजे केसाच्या जाडीइतकंसुद्धा नाही. तिन्ही वेळा कोणी पट्टी ठेवलीच नव्हती. नुसतं खरवडून नवं गॅसकेट बसवलं होतं. आणि रेडिएटर निम्मा बंद होता. हेड मशीन शॉपमध्ये फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, रेडिएटर नवा घालून गाडी दिली. मालकानं वर्षभरात गॅसकेटसाठी मोजलेल्या पैशांत नवा रेडिएटर दोनदा आला असता.

म्हणून ३५,०००च्या त्या अंदाजात काय काय धरलंय ते कागदावर लिहून मागा. हेडची पट्टी लावून तपासणी, आणि ब्लॉकच्या माथ्याचीही. मशीन शॉपमध्ये हेडला पाण्याच्या दाबाखाली चीर आहे का ती परीक्षा. चिरलेल्या हेडवर नवं गॅसकेट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. फेसिंग किती करायचं याला कंपनीची मर्यादा असते, त्यापलीकडे हेड बदलावं लागतं. हेडचे बोल्ट नवे: आताच्या बहुतेक इंजिनांत ते ताणून बसवायचे असतात आणि पुन्हा वापरायचे नसतात. आधी ठरलेला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, मग अंशांत फिरवणं, मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमानं. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहिलं आणि बोल्ट आवळला तर ब्लॉक तडकतो, म्हणून भोकं हवेनं कोरडी करायची. जुनं गॅसकेट काढायला ग्राइंडरची खरखरीत चकती कोणी लावली तर थांबवा. तिची पूड ऑइलच्या वाटांत जाते आणि काही हजार किलोमीटरवर बेअरिंग खाते. डिझेल गाडी असती तर आणखी एक विचारायला सांगितलं असतं: जुन्या गॅसकेटच्या कडेला किती खाचा किंवा भोकं होती? ती जाडीची खूण असते, आणि तेवढ्याच जाडीचं नवं यायला हवं.

त्याच खर्चात थर्मोस्टॅट, झाकण, फुगलेले पाइप बदलून घ्या. वॉटर पंप टायमिंग बेल्टमागे असेल तर तोही. ऑइल आणि फिल्टर बदलणं तर आलंच, कारण कूलंटमधल्या ग्लायकॉलचा अंशही बेअरिंगला चालत नाही. शेवटी कूलंट भरताना हवा काढायला वेळ द्यायचा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत. घाईनं भरलेल्या गाडीत हवेचा बुडबुडा हेडमध्ये अडकतो आणि नवं गॅसकेट पहिल्याच दिवशी भाजतं.

पुन्हा कधी घाटात तापली तर, त्या दिवशी तुम्ही केलंत त्यातली एक गोष्ट बदला. लाल दिवा लागल्यावर एसी लगेच बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात, काचा खाली. जागा मिळताच थांबा. टाकीत कूलंट दिसत असेल आणि पंखा फिरत असेल तर इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या; यांपैकी एकही नसेल तर बंद. मग किमान पाऊण तास हात लावू नका; तुम्ही थोड्याच वेळात पाणी घातलंत, तेच बदलायचं. तापलेल्या हेडवर बाटलीतलं गार पाणी पडलं की ते तिथेच चिरू शकतं. शिवाय काट्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका: पाणी इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडला, तर तो वाफेचं तापमान सांगतो आणि इंजिन करपत असताना काटा मधोमध दिसू शकतो. बऱ्याच छोट्या गाड्यांना तर काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा. लाल लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. काटा मध्येच चढून उतरत असेल, किंवा हीटर गरमवर असताना अचानक गार हवा यायला लागली, तर आत पाण्याऐवजी वायू फिरतोय असं समजून थांबा.

उद्या सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, तो वरचा पाइप दाबून बघा. टणक लागला तर ती ओढून न्या, चालवत नेऊ नका, आणि गॅस टेस्ट तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा. काम होऊन गाडी परत आली की कूलंटच्या टाकीवर, थंड असताना, मार्करनं बारीक रेघ मारा आणि पहिले हजार किलोमीटर रोज सकाळी ती बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी अडकलेली हवा निघते, पातळी बोटभर उतरेल, ती भरा. त्यानंतरही रेघेखाली गेली, तर ज्यांनी हेड बसवलं त्यांनाच, गाडी तशीच थंड ठेवून, सकाळी सुरू करण्याआधी बोलावून दाखवा.